दिवा बंद ठेवून

“बाबा, ते रीळ खाली ठेवा. आधी ठेवा, मग बोलू.”

लेक दारातच उभी होती, दोन्ही हातांत चहाचे कप. रीळकाकांनी रीळ खाली ठेवलं नाही. चोरी पकडली गेल्यासारखे ते नुसते धरून बसले.

टेबलावर तो घरगुती प्रोजेक्टर उघडा पडला होता. साठ वर्षांचं यंत्र, दुरुस्तीला आलेलं, गिऱ्हाईक नर्सबाईंचं. चार दिवस काका त्याच्या मागे होते. रबरी पट्टा वितळून डिंक झाला होता, तो खरवडून काढला. जुन्या तेलाचं मेण झालं होतं, ते स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं. दातेरी चाकांना तर दात घासायच्या ब्रशनं अंघोळ घातली. काम करताना ओठांतल्या ओठांत देवाचं नाव चालू असायचं. हात घाईला आले की नाव त्यांना आवरतं, असं ते म्हणायचे. आता यंत्र कसं घड्याळासारखं फिरत होतं. पण रिकाम्या हातानं जिना कोणीही चढतं. खरी परीक्षा फिल्म चढवल्यावर.

आणि तिथे काकांचा एक नेम होता. गिऱ्हाइकाचं रीळ आधी लावायचं नाही, आधी आपलं. तेही जुनंच. वर्षं गेली की फिल्म आकसते, कडेची भोकं जवळजवळ येतात आणि तिला पुढे ओढणारी यंत्राची नखी चुकते. नवी फिल्म सुरळीत जाते आणि खोटी ग्वाही देते. म्हाताऱ्याचं दुखणं म्हाताऱ्यालाच कळायचं! काकांच्या घरची नऊ रिळं होती. आठ अशीच परक्यांच्या यंत्रांत गेली. उरलं होतं ते लेकीच्या आईचं. तीन मिनिटांचं.

“कॉपीवाल्यानं आकसलंय म्हणून परत पाठवलं,” लेक म्हणाली. “तेव्हा काय ठरलं आपलं? चांगलं यंत्र आलं की एकदा भिंतीवर लावायचं आणि मी मोबाइलवर घेणार. ठरलं होतं की नाही?”

“ठरलं होतं.”

“मग?”

“नर्सबाई चारला येतायत.”

“येऊ देत की! त्यांचं रीळ लावा सरळ. फाटलं तर सांगा, जुनं होतं. सगळे तेच सांगतात.”

“नर्सबाईची आई गेली तेव्हा ती सव्वा वर्षाची होती गं. घरात एकच फोटो, त्यातही आईची मान खाली. चेहरा दिसेल तो तिच्या या रिळातच.”

“आणि माझी? मला आठवते म्हणून माझी स्वस्त का? लोकांच्या आया वाचवायला दर वेळी आपल्याच घराला काडी लावायची?”

तिचा शब्द न् शब्द खरा होता.

“तुला आई बावीस वर्षं मिळाली,” काका म्हणाले. “तिला काहीच नाही.”

लेकीनं कप टेबलावर आपटले. चहा सांडला, पण यंत्रापासून लांब. तेवढं भान मेकॅनिकच्या पोरीला रागातही असतं.

“मग निदान दिवा तरी लावा. जाता जाता बघू दे.”

“दिवा लावला आणि अडकली, तर फिल्म वितळून चिकटेल. मग हेही गेलं आणि तेही.”

ती जाईल असं त्यांना वाटलं. ती स्टूल ओढून शेजारी बसली.

दिवा बंद ठेवून काकांनी रीळ चढवलं. यंत्र फिरू लागलं. भर दुपारी, उघड्या खिडकीशेजारी, रिळातली बाई यंत्राच्या काळोखातून चालत गेली आणि कोणाला दिसली नाही. मग टक्‌ झालं. टक्‌, टक्‌. काकांनी बटण दाबेपर्यंत हातभर फिल्मच्या चिंध्या झाल्या होत्या. त्यांनी नखी सोडवली, भिंगाखाली धरली. टोकाला केसाएवढं कुसळ होतं. बोटाला लागलं नव्हतं, फिल्मला लागलं. ते घासलं, पुन्हा लावलं. पुन्हा चिंध्या. दाबाची स्प्रिंग ढिली केली. पुन्हा. वाळक्या पानासारखे तुकडे जमिनीवर पडत होते आणि लेक वाकून एकेक वेचत होती. एक तिनं खिडकीच्या उजेडात धरला. नखाएवढ्या चौकटीत एक खांदा होता. बाकी नुसती चीर.

शेवटची चार हात फिल्म मात्र चकार शब्द न काढता निघून गेली.

“झालं,” काका म्हणाले.

“त्यात आई आहे?”

“नाही. संपता संपता माझा कॅमेरा आभाळाकडे वळला होता.”

चारला नर्सबाई आल्या. खिडकी लावली, दिवा लावला. भिंतीवर एक तरुण बाई मांडीवरच्या पोरीला चमच्यानं भरवत होती. लेकीनं मोबाइल दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. जराही हलू दिला नाही.

“थांबवा, थांबवा! नको, नको, थांबवू नका!” नर्सबाई उभ्याच राहिल्या. “काका, बघितलंत? डाव्या हातात चमचा! डावखुरी होती हो! मी डाव्या हातानं खायचे म्हणून नव्या आईनं चटका दिला होता. म्हणायची, कुणावर गेलीय कार्टी, देव जाणे.” त्या हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. डाव्याच हातानं.

त्या गेल्यावर काकांनी खिडकी उघडली. येऊन खुर्चीत बसले.

“तुझी आई दोरीवर कपडे घालायची ना त्या रिळात,” ते म्हणाले. “चिमटा कुठल्या हातानं लावायची गं?”

“उजव्या.” लेक थांबली. “उजव्याच ना?”

“मी तुला विचारतोय.”

काका उठले. समोर दोरी असल्यासारखा त्यांनी उजवा हात वर केला, चिमूट दाबली. मग डावा. मग पुन्हा उजवा. आणि दोन्ही हात तसेच हवेत धरून, कोणता खाली घ्यायचा ते न कळून, ते उभे राहिले.