गेटबाहेरची पंधरा मिनिटं

“भाऊ, ह्यो भोंगा कुणासाठी वाजतो?”

टाइम ऑफिसच्या खिडकीच्या गजावर हात ठेवून बानाबाई विचारत होती. दहाचा भोंगा नुकताच थांबला होता. मी हजेरीच्या रजिस्टरातून मान वर केली आणि लगेच खाली घातली. तिच्या निळ्या एप्रनवर छातीशी दोन ओले डाग होते, आणि ते ती झाकत नव्हती.

“चहाच्या सुट्टीसाठी,” मी म्हणालो.

“मी चहा पीत न्हाई. भोंगा वाजला की मला पान्हा फुटतो. लेकरू तिकडं मुकुंदवाडीत रडायलंय आन् मी इथं मोरीत दूध पिळायलेय. मोरीत, भाऊ! अंगावरचं दूध पायदळी जाऊ द्यायचं नसतं. सासूला कळलं तर मला उंबऱ्याच्या आत घ्यायची न्हाई.”

मी ‘हो’ म्हणून रजिस्टराचं पान उलटलं. अडचण आली की मी बहुतेक वेळा पानच उलटतो.

त्र्याण्णव सालच्या डिसेंबरातली ही गोष्ट. चिकलठाण्याच्या एमआयडीसीतली आमची कंपनी लहान मुलांच्या पोटदुखीचं औषध बनवायची. बाटलीवरच्या लेबलावर हसऱ्या बाळाचं चित्र होतं. बानाबाई दिवसाला हजारभर बाटल्यांना ते बाळ चिकटवायची. तिचं स्वतःचं बाळ घटस्थापनेला झालेलं, म्हणजे तेव्हा दोन महिन्यांचं. मुंजाबा नाव ठेवलं होतं. नवरा कचरू वाळूजला ठेकेदाराकडे होता. आज काम, उद्या नाही. घरातली पक्की नोकरी एकच, तिची. मेंढरं मागं टाकून शहरात आलेल्या त्या घराचा सगळा भार त्या एका नोकरीवर होता. तिला नोकरी सोडायची नव्हती आणि लेकराचं दूधही तोडायचं नव्हतं. याहून जास्त तिनं काहीच मागितलं नाही.

माझ्या ड्रॉवरात कायम पुस्तकं असायची. त्यात कामगार कायद्याचं एक होतं. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत आईला दिवसातून दोनदा पाजायला सुट्टी द्यावी, असं त्यात छापलेलं होतं. तीसपेक्षा जास्त बायका कामावर असतील तर कारखान्यात पाळणाघर हवं, हेही होतं. आमच्याकडे बायका बरोबर तीस होत्या. हजेरीपट मीच ठेवत असल्यामुळे हा आकडा कसा राखला जातो ते मला ठाऊक होतं. नवी बाई घ्यायची झाली की आधी एक कमी व्हायची.

दुपारी मी तिला ते कलम वाचून दाखवलं आणि अर्ज लिहून दिला. ‘आत एखादी खोली द्यावी’ असं लिहायला हवं होतं. तेवढं मागणं मला फार वाटलं. साहेब चिडतील, अक्षर ओळखतील, असं मनात आलं आणि मी लिहिलं, ‘बाळाला पाजण्यासाठी दहा व दोन वाजता गेटबाहेर जाऊ द्यावे, ही नम्र विनंती.’ गेटबाहेर हा शब्द कंपनीचा नव्हे. तो माझा आहे.

पर्सोनेल साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. “गेटबाहेर ना? मग हरकत नाही. पंधरा मिनिटं. आत लेकरंबिकरं नकोत.” मग चष्म्यावरून बघत विचारलं, “लिहून कोणी दिला?”

मी शेजारीच फाइल घेऊन उभा होतो.

“भाच्यानं,” बानाबाई म्हणाली. “बारावीला हाय.”

तिला भाचा नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून कस्तुराबाई, तिची सासू, मुंजाबाला घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळून मुकुंदवाडीहून चालत येऊ लागली. गेटबाहेर बाभळीखाली एक दगड होता. वॉचमन रामकिसन त्याच्यावर बसून बिडी ओढायचा. त्यानं तो बायकांना दिला. पॅकिंगच्या हॉलपासून गेटपर्यंत चालायला चार मिनिटं, परत जायला चार. मधल्या सात मिनिटांत मुंजाबा पोट भरायचा. म्हातारी तोंडानं सारखी चालू असायची.

“आमच्यात नवी व्यालेली मेंढी लांब चारायला नेत न्हाईत. कोकरं वाड्यावर, कळपाच्या तळावर, डालग्याखाली झाकून ऱ्हात्यात. दुपार झाली की मेंढ्या आपसूक वाड्याकडं तोंड फिरवत्यात. अडाणी धनगराला बी कळतंय ते. ह्या कंपनीवाल्याला कसं कळंना?”

“त्याला मेंढ्या न्हाईत ना, आत्या,” बानाबाई म्हणायची.

“कशा न्हाईत? तीस हायेत की!”

रामकिसन तोंडावर हात ठेवून हसायचा. महिनाभर असं चाललं. मोरीत दूध पडायचं थांबलं.

मग जानेवारी आला. विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय जवळ आला होता आणि शहर धुमसत होतं. त्या दिवशी बंद होता. सातची पाळी कशीबशी आत आली होती. नऊच्या सुमाराला जालना रोडवर टायर पेटले, बसवर दगड आले. साहेबांनी गेटला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. दुसरी पाळी यायची शक्यता नव्हती, म्हणून आहेत त्यांनीच रात्रीपर्यंत काम करायचं असं ठरलं. सुरक्षिततेसाठी, असं फळ्यावर लिहिलं. तेही माझ्याच हातानं.

त्या सकाळपासून पॅकिंगच्या टेबलावर द्वारकाबाईशी कोणी बोलत नव्हतं. ती भीमनगरची, अजून टेंपररी होती. रोज बानाबाईच्या शेजारी बसायची. कोणीतरी तिला ऐकू जाईल असं म्हणालं, “घ्या, आता नाव बी घ्या आन् गाव बी घ्या.” द्वारकाबाई खाली मान घालून लेबलं चिकटवत राहिली. बानाबाईनंही त्या दिवशी तिच्याकडे पाहिलं नव्हतं. हे लिहायला मला बरं वाटत नाही, पण ते तसं होतं.

दहाला भोंगा झाला आणि रेल्वेच्या रुळांकडच्या पायवाटेनं कस्तुराबाई आली. रस्ता पेटलेला, तरी आली. मुंजाबाच्या रडण्याचा आवाज टाइम ऑफिसपर्यंत येत होता.

“उघड रं रामकिसन.”

“किल्ली साहेबाकडं हाय, माय. माझ्या हातात असती तर…”

बानाबाई धावत गेटशी आली. गज हलवून पाहिले. मग माझ्या खिडकीकडे वळली. “भाऊ, तुमी जाऊन सांगा. तुमचं ऐकत्याल.”

मी गेलो. साहेब फोनवर होते. मी दारात उभा राहिलो. त्यांनी हातानं ‘थांब’ अशी खूण केली. मी थांबलो. तीन मिनिटं, चार मिनिटं. त्यांनी पुन्हा पाहिलंच नाही. खाकरावंसं वाटलं, पण खाकरलो नाही. परत येऊन मी सांगितलं, “साहेब फोनवर आहेत.”

बानाबाईनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मी तीस वर्षं विसरायचा प्रयत्न करतो आहे.

ती वळली आणि गेटशी खाली बसली. एप्रनची गाठ सोडली. “आत्या, लावा त्याला गजाला.” म्हातारीनं पलीकडून मुंजाबाला दोन गजांमध्ये धरलं. लोखंड थंड होतं, लेकरू दचकलं, आणि मग त्याला सापडलं. रडणं एकदम थांबलं.

दोन्ही शेडमधली माणसं सुट्टीत बाहेर आली होती. दीडशे तरी असतील. कोणीतरी हसलं.

तेवढ्यात द्वारकाबाई हॉलमधून आली. अंगावरची शाल काढून तिनं दोन्ही हातांनी बानाबाईभोवती धरली आणि माणसांकडे बघून ओरडली, “काय बघायलाव? घरी आया न्हाईत का तुमाला? फिरवा तोंडं!” मग हळू आवाजात बानाबाईला म्हणाली, “पाज तू. मी हाय.”

आधी रामकिसननं तोंड फिरवलं. मग एकेकानं. शेवटी दीडशे पाठी गेटकडे झाल्या आणि आवारात फक्त बाळाच्या चोखण्याचा आवाज राहिला. पलीकडे म्हातारी पुटपुटत होती, “कोंडवाड्यात बी एवढं करत न्हाईत रं. कोंडवाड्यात बी.”

साहेब खिडकीतून पाहत होते. फोन संपला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. “तुमची भाषा चांगली आहे. दोघींना मेमो करा. गेटवर असभ्य वर्तन, कंपनीची बदनामी.” मी टाइप केले. ‘असभ्य’ टाइप करताना माझी बोटं थांबली, असं मी पुढे बायकोला सांगितलं. खरं तर थांबली नाहीत. चूक एकही झाली नाही.

आठवड्यात द्वारकाबाईचा ब्रेक झाला, म्हणजे टेंपररी म्हणून तिला कामावरून काढलं. तिच्या जागी दुसरी आली. आकडा तीसच राहिला. गेटच्या गजांवर आतून पत्रा मारला, पार वरपर्यंत, आणि शेजारी नोटीस लागली: गेटसमोर मूल आणू नये, रस्त्यापलीकडे थांबावे. पंधरा मिनिटं कंपनीनं काढली नाहीत. कायद्याला हात लावला नाही. फक्त लेकरू जालना रोडच्या पलीकडे ढकललं.

कस्तुराबाईनं चार दिवस ते करून पाहिलं. ट्रकामागून ट्रक. बानाबाई रस्ता ओलांडून पोचेपर्यंत परत फिरायची वेळ व्हायची. पाचव्या दिवशी म्हातारी रस्त्यापलीकडूनच ओरडली. तिचा आवाज पत्र्यावरून आत आला.

“बाने! तिथंच ऱ्हा, येऊ नगंस! एखाद्या दिशी ट्रकाखाली जाशील. मी ह्याला भावकीच्या वाड्यावर नेते, फुलंब्रीकडं. शेळीचं दूध हाय तिथं. शेळी तरी वेळंवर घरी येती!”

टाइम ऑफिसच्या रस्त्याकडच्या खिडकीतून मला बानाबाई रस्त्याच्या अलीकडे उभी दिसली. तिनं हात वर केला. या म्हणून की जा म्हणून, ते मला कळलं नाही. म्हातारी घोंगडी छातीशी धरून वळली.

त्या दिवशी दोन वाजता बानाबाई खिडकीशी आली. “लिवा भाऊ. दोन वाजता भाईर.”

मला वाटलं, सवयीनं आली. “बाई, पण मुंजाबा तर…”

“लिवा.”

मी लिहिलं. ती बाहेर गेली, बाभळीखालच्या दगडावर बसली. पंधराव्या मिनिटाला परत आली. दुसऱ्या दिवशी दहाला पुन्हा. पहिले काही आठवडे ती बाभळीच्या बुंध्याशी दूध पिळायची. झाडाला घातलं तर पायदळी जात नाही, म्हणाली. मग दूध आटलं. तरी ती जायची, नुसती बसायची, रस्त्याकडे बघत.

मार्चमध्ये साहेबांच्या ते लक्षात आलं. दोघांना बोलावलं.

“मूल गावी आहे ना तुझं? मग रोज बाहेर जाऊन करतेस काय?”

“बसते.”

“बसायला सुट्टी देत नाही कंपनी. पाजायला देते.”

“सायेब,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण टेबलावरच्या तिच्या मुठी आवळल्या होत्या. “कायद्यात लेकराचं वय लिवलंय. लेकरू कुठं हाय ते न्हाई. त्ये कुठं असावं ते तुमी ठरवलं, मी न्हाई. माझं दूध तुमी आटवलं. द्वारकाबाई माझ्यापायी घरी बसली. मी सकाळपास्नं तिच्याशी बोलले बी नव्हते, तरी ती शाल घिऊन आली. तिच्या नोकरीच्या मोलानं टिकलेली पंधरा मिन्टं हायेत ही. एक मिनिट सोडणार न्हाई. मेमो द्या न्हाईतर काय बी द्या.”

साहेब माझ्याकडे वळले. “तुम्ही सांगा हिला. असं चालतं का?”

मी बाहेर गेलो. त्यांना वाटलं असेल, नेहमीसारखा पळाला. मलाही क्षणभर तसंच वाटलं. ड्रॉवर उघडलं, पुस्तक काढलं, परत आलो आणि ते पान उघडून त्यांच्यासमोर ठेवलं. पानावर माझ्याच पेन्सिलीची रेघ होती, अर्ज लिहिला त्या दिवसाची. साहेबांनी रेघ पाहिली, मग मला पाहिलं. बारावीतला भाचा त्यांना तेव्हा कळला.

“जा,” ते म्हणाले.

त्यानंतर त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. याला कोणी धैर्य म्हणू नये. दोन महिने आधी खाकरलो असतो तर ते धैर्य झालं असतं.

उन्हाळा गेला, पाऊस झाला, दिवाळी झाली. विद्यापीठाच्या कमानीवर नवं नाव लागून वर्ष होत आलं. बानाबाईनं एकही दिवस चुकवला नाही. पावसात डोक्यावर पोतं घेऊन बसली. महिन्यातून एकदा ती फुलंब्रीकडे वाड्यावर जाऊन यायची. “रांगतोय,” एकदा म्हणाली. पुढे एकदा म्हणाली, “कोकरामागं पळतोय. आत्याला आई म्हंतो.” आणि लेबलं चिकटवायला निघून गेली.

पंचाण्णवच्या संक्रांतीनंतर दोन दिवसांनी मुंजाबाला पंधरा महिने पूर्ण झाले. तारीख तिनं सांगितली नाही, मीही विचारली नाही. दोघांनाही ठाऊक होती. दोन वाजता ती बाहेर गेली. मी रस्त्याकडच्या खिडकीतून पाहत होतो. ती दगडावर बसली होती, हात मांडीवर मोकळे. रामकिसन उभा होता. ती बसलेली असताना तो कधीच बसायचा नाही, हे माझ्या त्या दिवशी लक्षात आलं.

दोन वाजून पंधरा मिनिटांनी ती खिडकीशी आली.

“झालं, भाऊ. मपली येळ संपली.”

मी वेळ लिहिली. तिनं रजिस्टर स्वतःकडे ओढून घेतलं, पेन मागितलं आणि समोर सावकाश सही केली. इतके दिवस ती अंगठाच देत होती. ‘बानाबाई’, चार अक्षरं होती, एकेक करून जोडलेली.

दुसऱ्या दिवशी दहाचा भोंगा झाला. मी रस्त्याकडच्या खिडकीतून गेटकडे पाहिलं. रामकिसन कँटीनमधून एक स्टूल घेऊन आला होता. ते त्यानं गेटच्या पत्र्याशी मांडलं आणि बिडी पेटवली. बाभळीखालचा दगड रिकामा होता. मी रिटायर झालो तोपर्यंत त्या दगडावर तो पुन्हा बसला नाही.