ओरेन प्रुइटची थाप

ओरेन प्रुइट बेसबॉलच्या डाव्या मैदानात उभा राहून खोटं बोलायचा. तोंडानं नाही, अंगानं. चेंडू डोक्यावरून भिंतीकडे निघालेला असायचा आणि हा हातमोजा वर धरून निवांत उभा, जणू पिकलेलं पीच आपोआप ओंजळीत पडणार आहे. पहिल्या बेसवरचा गडी फसायचा. झेल झालाच, आता बेस सोडून पळालो तर बाद, असं समजून तिथंच थबकायचा. मग चेंडू भिंतीवर धप्पकन आदळायचा, ओरेन गर्रकन वळून तो टिपायचा आणि दुसऱ्या बेसकडे भिरकावायचा. गडी तिथं पोचायच्या आत बाद! डावीकडच्या बाकांवरच्या म्हाताऱ्यांनी त्याच्यावर गाणंच केलं होतं:

चेंडू गेला उंच, सूर्याच्या दारी,
खाली उभा ओरेन म्हणे, ये रे घरी.

मी अर्मा. नदीकाठच्या आमच्या गावच्या ‘कॅटफिश’ संघाचे कपडे धुते. गुडघ्यांवरचे गवताचे डाग काढण्यात माझा जन्म गेला, आणि ओरेनचे डाग सगळ्यांत चिवट. त्याचं वय चौतीस. चौदा वर्षांत अकरा गावं, अकरा टोप्या. बस, मोटेल, पुन्हा बस. सगळ्यांत वरच्या लीगमध्ये मात्र एक दिवसही नाही. “एकच डाव मिळू दे, मिस अर्मा, मग गुडघे गेले तरी चालतील,” असं तो हसत म्हणायचा. हसताना नजर मात्र धुण्याच्या ढिगाकडे.

एरवी कार्टं महाबेरकी. कुणाचे बूट जमिनीला खिळ्यांनी ठोक, कुणाच्या टोपीत दाढीचा फेस भर. मे महिन्यात तर त्यानं आमचा गोलंदाज नेफ्ताली याला कोचच्या आवाजात फोन केला, “वरून बोलावणं आलंय, बॅग भर.” पोरगं तासभर बॅग घेऊन फाटकात उभं होतं. मग ओरेननंच त्याला ‘पीच पाय’, म्हणजे पीचचं सारण भरलेली भाजलेली गोड पोळी, खाऊ घालून माफी मागितली. नेफ्ताली ती खाऊन एवढंच म्हणाला, “सूड घेईन.”

ऑगस्टातला रविवार. सामना दुपारी एकला. दहा वाजता मी खेळाडूंच्या खोलीत टॉवेल लावत होते, तेवढ्यात कोच बर्डेट आत आले. आमच्यात चांगली बातमी सरळ सांगायची रीत नाही. आधी गड्याला घाबरवायचं, मग सांगायचं.

“प्रुइट, मोटेलवाल्याची तक्रार आहे. खोली सोड.”

“मी काय केलं, कोच?”

“आज तुझी खोली दुसऱ्या शहरात आहे. वरच्या लीगच्या संघातले दोघं एकाच चेंडूमागे धावले आणि एकमेकांवर आपटले. तुला बोलावलंय. बाराचं विमान.”

ओरेननं टाळ्या वाजवल्या. “वा! पण नेफ्तालीला म्हणावं, सूड घ्यायचाय तर काहीतरी नवं काढ.” आणि सूर्यफुलाच्या बिया चघळत बसला.

“माझ्या मेलेल्या कुत्र्याची शपथ, गाढवा!”

“तुमचा कुत्रा बाहेर गाडीत भुंकतोय, कोच.”

कोचनी त्याच्या आईला फोन लावून दिला. ती माउली हुंदके देत होती. ओरेन फोनवर हात ठेवून म्हणाला, “हिलाही फितवलंत? काय रडते! किती ‘पीच पाय’ पाठवलेत?”

पावणेअकरा झाले. विमानतळ चाळीस मिनिटांवर. मी त्याचं मनगट धरलं आणि मैदानाच्या कडेला नेलं. तिथं भिंतीवर त्या दिवशीच्या नऊ जणांच्या नावांचा कागद लागतो.

“पोरा, या कागदाशी कुणी थट्टा केलेली पाहिलीस कधी?”

“छे! या कागदाला कुणी हात लावत नाही.”

“मग वाच.”

त्यानं वरून खाली वाचलं. मग खालून वर. डाव्या मैदानासमोर दुसऱ्याचंच नाव होतं. त्याच्या तोंडातल्या बिया तोंडातच राहिल्या.

“म्हणजे... काढलं मला?”

बघा तर! वाईट बातमी त्याला लगेच खरी वाटली.

“काढलं नाही रे मूर्खा, वर नेलंय!”

“कशावरून? नेफ्तालीनं सूड...”

तेवढ्यात हातोडी घेऊन नेफ्तालीच धावत आला. “सूड मी सकाळीच घेतला! तुझे बूट ठोकलेत, दोन्ही! थांब, खिळे उपटतो, नाहीतर विमानात मोज्यांवर जाशील!”

ओरेननं हातोडीकडे पाहिलं आणि तिथंच मटकन बसला. रडला की हसला, मला कळलं नाही. टॉवेल मात्र मी दिला. नेफ्तालीनं त्याला गाडीत कोंबलं आणि ती अशी हाकली की फाटकाजवळ धूळ दुपारपर्यंत बसली नाही.

आमचा सामना संपल्यावर संध्याकाळी सगळे टीव्हीसमोर. सात डाव ओरेन नुसता बसून. आठव्यात डाव्या मैदानात आला. पहिल्या बेसवर एक गडी. टोला बसला, चेंडू उंच, आणखी उंच. ओरेन दोन पावलं मागं सरकला, हातमोजा वर, अंग सैल.

“झेल!” मी ओरडले.

धप्प! चेंडू भिंतीवर. ओरेन वळला, टिपला, फेकला. थबकलेला गडी दुसऱ्या बेसच्या अलीकडेच बाद.

नेफ्ताली बाकावरून खाली पडला. “मिस अर्मा, तुम्हीसुद्धा फसलात?”

पडद्यावर ओरेन जवळून दिसला. हातमोज्यात तोंड खुपसून खांदे गदगदवत हसत होता लबाड. आणि पांढऱ्या विजारीच्या गुडघ्यांवर एकही डाग नव्हता.