बारीक चौकटीचं कपाट

कृष्णाकाठच्या त्या गावात आधी उसाला पाणी आलं, मग घरांवर स्लॅब आले, आणि फौजेतल्या हवालदार नाथाजीच्या घरी उभ्यानं स्वयंपाक करायचा ओटा आला. चुलीपुढं वाकून वाकून धनुष्य झालेली त्याची बायको अंजना ओट्यापाशी ताठ उभी राहिली, तशी तिला समोरची भिंत भुंडी दिसू लागली. तिथं कपाट हवं. कसलं? तर मिरजेला दवाखान्यात नर्स असलेल्या मावसबहिणीच्या क्वार्टरात तिनं पाहिलं होतं, तसलं. काचेची दारं, आणि काचेभोवती सागवानी चौकट एका बोटाएवढी बारीक, जशी डोळ्याभोवती काजळाची रेघ.

सासू अंबूबाई म्हणाली, "चौकट चार बोटं रुंद पायजे. मधली पट्टीबी चार बोटं."

"का वं, आत्याबाई?"

"बारीक चौकट म्हंजी बिनमिशीचा पाटील. कोण भितंय त्येला?"

खरं कारण तोंडावर आणण्यासारखं नव्हतं. ते घरातच पालथं पडलं होतं. पीठ मळायची पितळी परात होती ती. मधोमध कमळ कोरलेलं आणि कमळाच्या पोटात नाव, धोंडुबाई.

गावात लग्न निघालं की घराघरातून भांडी गोळा व्हायची, आणि ती सांभाळायला अंबूबाईला बसवायचे. तिच्या हातून वाटी हरवली नाही, असा लौकिक. पण नाथाजीच्याच लग्नात शेजारच्या धोंडुबाईची परात हरवली. धोंडुबाई भर गल्लीत रडली. बापानं लग्नात दिलेली परात होती. तेव्हा कंबरेवर हात ठेवून अंबूबाईनंच शाप दिला होता, "नेणाराचं हात झडू देत!" आणि महिनाभरानं शेणकुटं काढताना तिच्याच वळचणीखालून परात निघाली. अंबूबाईला अक्षर येत नव्हतं, पण कमळ वाचता येत होतं. आता परत द्यावी तर शाप स्वतःच्याच हातांवर! उद्या देऊ, परवा देऊ, असं करत नाथाजीची पोरं शाळेत गेली.

ट्रंकेत लपवली असती तर ती चोरी झाली असती. रोजच्या वापरात होती, म्हणून नुसता उशीर झाला होता. असा अंबूबाईचा हिशेब. जुन्या घरातल्या धुरकट अंधारात तो पटायचाही. पण नव्या खिडकीतून ऊन येत होतं, अंजना सगळं पितळ चिंचेनं घासून कपाटात उभं करणार होती, आणि धोंडुबाई रोज ताक न्यायला यायची.

जोतीराम सुतारानं नमुन्याची दोन दारं आणून भिंतीला टेकवली, एक जाड चौकटीचं, एक बारीक. नाथाजी वैतागला. "आये, रजा संपत आली माझी. दोन दारं हायत, त्यातलं एक निवडायचंय. एवढ्या येळात आमची पलटण डोंगर चढून उतरती."

"तुमच्या पलटणीला सून न्हाई," अंबूबाई म्हणाली.

दुपारी सगळे रानात गेल्यावर तिनं परात काढली आणि जाड दारामागं उभी केली. चार बोटांच्या पट्टीआड नाव झकास झाकलं. मग बारीक दारामागं धरली. दोन अक्षरं पट्टीच्या अलीकडं, दोन पलीकडं, आणि कमळ तर दोन्हीकडून हसतंय. ती तिरकी केली, उलटी केली. पण ठोकलेली अक्षरं पाठीवरही उमटली होती. घाम पुसता पुसता जात्यावरची सवय ओठांवर आली,

"बारीक चौकटीचं, कपाट बाई काचंचं,
झाकू कसं सांगा, उघडं पोट घरचं?"

"आत्याबाई," मागून आवाज आला. अंजना विळा विसरली म्हणून परतली होती. "आवं, कशाला जिवाला तरास? नगं ठेवायला ती कपाटात. मी सातवी शिकलीया. रोज पीठ मळताना ते नाव बोटांखाली येतंय की माझ्या."

"पयल्यापास्नं?"

"परातीतल्या पयल्या भाकरीपास्नं. कोण आलं की मी वर पीठ पसरती."

इतकी वर्षं आपण एकटीच झाकतोय असं अंबूबाईला वाटत होतं, आणि ही पोर मूठमूठ पिठानं सासूची अब्रू झाकत होती. तिनं पदर खोचला. रिकामं भांडं परत देऊ नये, म्हणून परातीत जोंधळे भरले, आणि भर उन्हात, गल्ली जागी असताना, परात डोक्यावर घेऊन ती धोंडुबाईच्या दारात उभी राहिली.

"धोंडे, ही तुझी परात. नाथाच्या लग्नापास्नं माझ्याकडं हाय."

धोंडुबाईनं जोंधळे बाजूला सारून कमळावर हात फिरवला. मग म्हणाली, "तू तर म्हणली हुतीस, नेणाराचं हात झडू देत."

"म्हणले हुते."

"झडलं न्हाईत व्हय?"

"सांध्यात दुखत्यात लय."

"मग लागलाय म्हणायचा थोडाफार." धोंडुबाईनं डोळे पुसले, की हसू पुसलं, कळलं नाही. "आता गावात सांगू?"

"सांग."

"सांगीन की. पर आदी माघात माझ्या नातीचं लगीन हाय. भांड्यांवर तुलाच बसवणार."

"मला? एवढं झाल्यावर?"

"दुसरी बसवली तर तिला अजून चोरी करायची ऱ्हायलीया. तुझी करून झालीया."

घरी आली तेव्हा जोतीराम दारात बसला होता. "काकी, कसं ठरलं? चौकट किती बोटं?"

"बोटं कसली मोजतोस? लाकडाला सोसंल तेवढी बारीक कर. आन काच सोच्च लाव."

नाथाजी आईकडं बघतच राहिला. अंजनानं माळ्यावरची लाकडी काठवट काढून धुतली. तिच्यात पीठ नीट मळलं गेलं नाही. भाकऱ्या थापताना फाटल्या, तव्यावर चिरल्या. अंबूबाईनं त्या आमटीत कुस्करून निमूट खाल्ल्या, आणि सून घरात आल्यापासून पहिल्यांदाच, नावं न ठेवता, आणखी एक मागितली.