आईला थोडं बरं नाही

आमच्या अग्निशमन केंद्राच्या बातम्या मी लिहिते. महिन्यातून एकदा एक पान निघतं. ते बेकरीच्या दारावर, दवाखान्यात, शाळेत चिकटवतात, आणि फोनवरही फिरतं. नव्या बंबाचा फोटो असतो, शाळेची मुलं केंद्र बघायला आली ते असतं, कुणी गरम राख गोठ्याशेजारी ओतली आणि गवताची गंजी पेटली तेही असतं. हिवाळ्यात मात्र माझ्याकडे सांगायला एकच गोष्ट उरते. निखारे लाल असताना धुरांड्याची झडप बंद करू नका. मोठ्या अक्षरात लिहिते, लाल अक्षरात लिहिते, हात जोडून लिहिते. लोक ते पान चुरगळून शेगडी पेटवायला घेतात.

लोकांना तरी काय म्हणायचं? बाहेर नाकातला श्वास गोठतो. झडप उघडी ठेवली की विकत घेतलेली ऊब नळीतून वर आभाळात जाते, आणि ते कुणाला बघवत नाही. मग निखारे विझायच्या आतच झडप लावतात, दारं-खिडक्या घट्ट करतात आणि गोधड्या ओढून झोपतात. ऊब घरात राहते, आणि तिच्याबरोबर कोळशाचा वायूही राहतो. त्याला ना रंग ना वास. सकाळी आम्ही पोचतो तेव्हा माणसं गाढ झोपल्यासारखी दिसतात आणि त्यांचे गाल गुलाबी असतात. जळत्या घरात शिरताना मी घाबरत नाही, पण ते गुलाबी गाल बघायची मला भीती वाटते.

माझी आई, बुरुल, खिंडीपलीकडे कारा-जिल्गा गावात एकटी राहायची. हिवाळ्याची सुट्टी लागली तशी मी माझ्या मुलीला, बेगायिमला, तिच्याकडे सोडलं. बेगायिम दुसरीत आहे. नवरा रशियात कामाला, माझी ड्यूटी वेळी-अवेळी, आणि आजीकडे जायचं म्हणून पोरगी महिनाभर नाचत होती. आईच्या घरात वायूचा गजर मी स्वतः भिंतीवर ठोकला होता, म्हणून मी निर्धास्त होते. सोडून आल्यावर दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला.

"तुझी ती किंचाळणारी डबी काढून ठेवली गं."

"का काढलीस?"

"पोरगी आली, दृष्ट नको लागायला म्हणून घरभर आर्चाच्या फांदीचा धूर फिरवला. तर ती डबी बोंबलायलाच लागली. पोरगी घाबरली, मी घाबरले, कुत्रं तर अजून परत आलेलं नाही."

"आई, आत्ताच्या आत्ता परत लाव."

"लावते."

"लावते नाही, लाव. मी फोन धरून बसते."

"आधी तू काहीतरी चांगलं लिहायला शिक. दर महिन्याला मेली माणसं. तुझं पान वाचलं की जेवण जात नाही मला." आणि तिनं फोन ठेवला. संध्याकाळी मी पुन्हा विचारलं तर म्हणाली, लावली बाई, लावली. माझी आई सुनावण्यात पटाईत होती, पण खोटं बोलताना तिचा आवाज गोड व्हायचा. त्या संध्याकाळी तो गोड होता. माझ्या सुट्टीच्या दिवशी जाऊन स्वतःच लावू असं मी ठरवलं.

सुट्टीच्या आदल्या दिवशी सकाळी मी केंद्रात चहा ओतत होते, तेव्हा आईची शेजारीण सायरा एजे, म्हणजे सायराताई, हिचा फोन आला.

"झुरा, जरा येऊन जा गं. आईला थोडं बरं नाही."

माझ्या हातातली किटली मी टेबलावर ठेवली. कशी ठेवली ते आठवत नाही, पण सांडली नाही.

"काय होतंय तिला?"

"काही नाही, थोडं डोकं. तू ये. सावकाश ये, रस्ता निसरडा आहे. आणि गरम कपडे घालून ये."

"बेगायिम कुठंय?"

"ये तू, झुरा. सावकाश ये हं." सायरा एजे आयुष्यात माझ्याशी इतक्या मऊ आवाजात बोललेली नव्हती. लहानपणी तिच्या जर्दाळूवर दगड मारले म्हणून ती मला अजून टोमणे मारते.

आमच्यात मरणाची बातमी फोनवर सांगत नाहीत. बाप गेला तर मुलाला एवढंच कळवतात की बापाला थोडं बरं नाही, येऊन जा. मुलगा येतो, दाराशी गावातले म्हातारे उभे असतात, ते त्याला दोन्ही बाजूंनी धरतात आणि मग सांगतात. परक्या ठिकाणी, एकट्यानं, हातात फोन घेऊन कुणी कोसळू नये म्हणून ही रीत. मीही कितीतरी दारांत अशी उभी राहिले आहे आणि ती चांगली रीत आहे असं म्हणत आले आहे. खरंच कुणाला ताप आला असेल तर आमच्याकडे लोक आधी म्हणतात, जिवंत आहे हं, ताप आलाय. सायरा एजे 'जिवंत आहे' म्हणाली नव्हती.

सागिन बाइके, म्हणजे सागिनदादा, आमच्या केंद्रातले सगळ्यांत जुने. कुठं माणूस गेला की चौकशीला तेच जातात, आणि कारण काय ते तेच लिहितात. मी अंगात कोट चढवत बाहेर आले तर ते जीपचं इंजिन गरम करत बसलेले होते. मी त्यांना बोलावलं नव्हतं.

"बस," ते म्हणाले. "मलाही तिकडंच जायचंय."

"कशाला?"

"असंच. जरा काम आहे."

एरवी हा माणूस गाडीत बसल्यावर तोंड मिटत नाही. माझ्या लिहिण्याची चेष्टा करतो, माझ्या नवऱ्याची करतो, स्वतःच्या गुडघ्यांचीही करतो. त्या दिवशी तो काचेवरचं बर्फ पुसत राहिला. गाडीतला वायरलेस बंद होता. मी बटणाकडे हात नेला तर त्यांनी अलगद बाजूला केला.

"बिघडलाय तो."

"काल तर तुम्हीच साफ केलात."

"म्हणूनच बिघडला," ते म्हणाले, पण हसले नाहीत. कारा-जिल्गातून केंद्रात काय कळवलं गेलं होतं ते त्यांना ठाऊक होतं. मी विचारलं असतं तर त्यांना खोटं बोलावं लागलं असतं, आणि त्यांना ते जमत नाही. म्हणून मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर, त्यांच्या तोंडून खरं निघालं असतं आणि ते मला ऐकायचं नव्हतं.

खिंडीचा चढ लागला. रस्त्यावर बर्फ दाबून काचेसारखं झालं होतं आणि सागिन बाइके पहिल्या गिअरमध्ये चढत होते. मी सायरा एजेचं बोलणं डोक्यात पुन्हा पुन्हा ऐकत होते. आईला थोडं बरं नाही. म्हणजे आई गेली. हे मला फोन ठेवतानाच कळलं होतं. पण वळणावर गाडी जरा सरकली, सागिन बाइकेंनी ती सावरली, आणि त्याच क्षणी मला दुसरी गोष्ट सुचली. बेगायिम कुठंय, असं मी विचारलं होतं. एजेनं उत्तर दिलं नव्हतं. मी पोरीबद्दल विचारलं आणि ती नुसती ये म्हणाली.

ज्याच्याबद्दल सांगायचं नसतं त्याचं नाव आमच्यात कुणी घेत नाही.

मी पुन्हा फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. चौथ्यांदा लावताना भलताच नंबर लागला, केंद्रातलाच, आणि आमची ऑपरेटर मला ओळखून रडायला लागली. मी फोन बंद केला.

"बाइके," मी म्हणाले, "कोण?"

"झुरा, रस्त्याकडे बघू दे मला."

"एकच सांगा. दोघी का?"

त्यांनी काचेवर पुन्हा फडकं फिरवलं. आणि मग मी जे केलं ते सांगते. मी निवडायला लागले. त्या घरात दोघी झोपल्या होत्या, शेगडीच्या उबेत, एकाच गोधडीत, आणि मी गाडीत बसून वरच्याला म्हणत होते की आई असू दे. आईचं वय झालंय. आई असू दे, पोर नको. माझ्या आईनं मला या खिंडीतून पाठीवर बांधून दवाखान्यात नेलेलं आहे, आणि मी तिला त्याच खिंडीत सोडून दिलं. त्या वेळी मला त्याची लाजही वाटली नाही. भीती इतकी होती की लाज वाटायला जागाच नव्हती.

गाव दिसलं. मी आधी धुरांडी बघितली, सवयीनं. सगळ्यांच्या धुरांड्यांतून धूर निघत होता, आईच्या नाही. गावातल्या माणसांनी घराची दारं-खिडक्या सताड उघडून ठेवलेल्या होत्या आणि थंडीत पडदे बाहेर फडफडत होते. अंगणात एका ट्रकमधून तंबूच्या जाळ्या आणि दांडके उतरवत होते. आमच्यात घरात माणूस गेलं की त्याच्यासाठी अंगणात तंबू उभा राहतो. एकच तंबू होता. पण दोघींना एकाच तंबूत ठेवता येतं, हेही मला तेव्हा सुचलं.

फाटकाशी भिंतीला धरून पुरुष उभे होते, टोप्या खाली ओढलेल्या. सगळ्यांत म्हातारे ओमोरबाय, ज्यांना सगळे 'आता' म्हणजे आजोबा म्हणतात, ते पुढं आले आणि त्यांनी माझा दंड धरला. दुसऱ्या बाजूनं सागिन बाइकेंनी धरलं.

"झुरा, पोरी," ओमोरबाय आतांनी सुरुवात केली, "माणूस या जगात पाहुणा म्हणून येतो..."

"कोण?" मी म्हणाले. "आजोबा, लांबण लावू नका. कोण ते सांगा."

म्हाताऱ्यांना असं कुणी मध्येच तोडत नाही. ते गोंधळले. आणि तेवढ्यात सायरा एजेच्या दारातून, तिचाच भलामोठा कोट घातलेली, बाह्या जमिनीवर लोळत असलेली माझी बेगायिम बाहेर आली.

ती जिवंत होती, चालत होती, तिचा चेहरा पांढराफटक होता आणि ओठ कोरडे. पहाटे तिचं डोकं दुखायला लागलं, उलटी होईल म्हणून ती अंगणात धावली आणि तिथंच बर्फात बसली. नुसते मोजे घातलेली पोर बर्फात बसलेली सायरा एजेनं पाहिली आणि आरडाओरडा केला. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की माझं मागणं पुरं झालं होतं.

ती माझ्याजवळ येऊन थांबली. मिठी मारली नाही. सगळ्या पुरुषांच्या समोर, शाळेत उभं राहून उत्तर देतात तसं म्हणाली, "आई, आजी उठत नाहीये. मी झडप बंद केली. आजी म्हणाली, बाळा, स्टुलावर चढ आणि लोखंड ढकल, ऊब पळून जाईल. मी ढकललं. आत लाल होतं. मला दिसलं होतं."

तंबूचे दांडके उतरवणारी माणसंसुद्धा थांबली. मी इतकी वर्षं दर घरात शिरल्यावर पहिला प्रश्न हाच विचारत आले आहे, झडप कुणी लावली. आणि आज न विचारता उत्तर समोर उभं होतं.

पहिल्यांदा ओमोरबाय आतांना वाचा फुटली. "छे छे, पोरी. झडप उघडीच होती. मी सकाळी बघितलं ना."

"उघडीच होती," सायरा एजे म्हणाली. "वारं उलटं होतं रात्री. धूर परत आत आला."

"नळीच्या तोंडाशी बर्फ दाटलं," भिंतीजवळचा कुणीतरी म्हणाला.

सगळे एकामागून एक बोलले, आणि मग सगळ्यांनी सागिन बाइकेंकडे बघितलं, कारण कागदावर काय लिहायचं ते त्यांच्या हातात होतं. त्यांनी घसा साफ केला. टोपी काढली, पुन्हा घातली.

"होय," ते म्हणाले. "मी तपासलं. झडप उघडी होती. बर्फामुळे झालं."

बेगायिमनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. "बाइके, तुम्ही तर अजून आत गेलाच नाहीत."

सागिन बाइके भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलायला लागले.

वाटभर मी या लोकांवर चिडले होते, की सरळ का सांगत नाहीत. आता मला वाटत होतं, आणखी कुणीतरी खोटं बोलावं, चांगलं, पटेलसं. कुणाकडेच उरलं नव्हतं. मी गुडघे टेकले आणि त्या मोठ्या कोटातून तिचे हात शोधून काढले. ते थंडगार होते.

"आजीनं सांगितलं म्हणून तू केलंस," मी म्हणाले. "मोठ्यांनी सांगितलेलं काम केलंस. मी तुझ्याएवढी होते ना, तेव्हा माझ्या आजीकडे झडप मीच लावायचे. रोज. असल्याच स्टुलावर चढून. निखारे लाल असायचे तरी लावायचे. इथल्या सगळ्या पोरांनी लावली आहे. विचार यांना."

ती फाटकाशी उभ्या असलेल्या माणसांकडे बघत राहिली. एकेकानं मान हलवली, आणि या वेळी कुणी खोटं बोलत नव्हतं.

"मग तुझी आजी का नाही मेली?" तिनं विचारलं.

मी तिला कोटासकट उचललं. ती आता उचलण्याएवढी लहान राहिलेली नाही, पण मी उचललं, आणि घरात शिरले, कारण आत माझी आई होती आणि तिच्यासाठी मी अजून रडले नव्हते.