दाखवायचा कॅमेरा

बाबा गेले आणि घरात फोटो काढणं आपोआपच थांबलं. म्हणून आईच्या साठीला दोघा भावंडांनी मिळून कॅमेरा घ्यायचं ठरवलं, आणि निवडायला तिलाच सोबत नेलं.

दुकान लांबट होतं. दुपारचं ऊन काचेच्या कपाटांतून आत येऊन भिंगांवर रेंगाळत होतं. रहदारी पाण्याखालून यावी तशी ऐकू येत होती. थोरली नर्स होती. रात्रपाळी करून आलेली, त्यामुळे स्टुलावर बसल्या बसल्या डुलक्या काढत होती. धाकटा मात्र झूम आणि मेगापिक्सेल विचारून दुकानदाराचं डोकं खात होता.

"मला यातलं ओ की ठो कळत नाही," आई म्हणाली.

"काकू, हा हातात धरून बघा," दुकानदाराने दाखवायचा कॅमेरा तिच्यापुढे केला. "सगळी गिऱ्हाइकं यावरच फोटो काढून बघतात."

आई बटणं दाबत राहिली. पडद्यावर अनोळखी माणसं सरकू लागली. जांभई देणारी बाई, कुणाचं तरी नुसतं नाक, हसू दाबणारी दोन म्हातारी माणसं. आणि मग बाबा.

कपाटाला टेकून उभे. बाह्या दुमडलेल्या, नजर खिडकीबाहेर, जणू कुणी हाक मारतंय.

आईने कॅमेरा थोरलीच्या मांडीवर ठेवला. थोरलीची झोप खाडकन उडाली. धाकटा वाकून बघत राहिला. प्रश्न विचारायचं तो विसरूनच गेला.

"हे होय?" दुकानदार म्हणाला. "गेल्या वर्षी आले होते. मीच काढला हा फोटो. बायकोला विचारून येतो म्हणाले."

"मला कुठे विचारलं!" आई म्हणाली आणि एकदम हसली. डोळे भरून आले तरी हसतच राहिली. "कशाला हवाय, म्हटलं असतं मी. ठाऊक होतं त्यांना."

"आई, हाच घेऊया?" थोरलीने हळूच विचारलं.

"अहो, त्याला ओरखडे आहेत," दुकानदार गडबडला. "नवाकोरा देतो ना."

"हाच द्या," धाकटा म्हणाला.

दुकानदाराने कॅमेरा पुसला, पट्टा लावला. "बाकीची माणसं पुसून टाकू? तुमच्या काय ओळखीची?"

आई क्षणभर उन्हाकडे बघत राहिली.

"राहू देत," ती म्हणाली. "इतके दिवस त्यांच्यातच होते ते."