चिठ्ठ्यांखालचा आरसा

मित्रांनो, शिंप्याच्या दुकानात भिंतीला टेकून उभा असलेला, माणसाच्या उंचीचा आरसा तुम्ही पाहिला असेल. तोच मी. आता म्हातारा झालो आहे. डाव्या कोपऱ्यातला माझा पारा उडाला आहे, त्यामुळे माझ्यासमोर कोणीही उभं राहिलं तरी त्याचा एक बूट अर्धाच दिसतो. बाकी सगळं मी जसंच्या तसं दाखवतो. दुसरं काही मला येतच नाही.

मला इथे आणलं वस्तादांनी. हातगाडीवर, जुन्या चादरीत गुंडाळून, "हळू रे, काच आहे, बटाटे नाहीत!" असं वाटभर ओरडत. वस्तादांची ट्रायल घ्यायची एक रीत होती. गिऱ्हाइकाला माझ्यासमोर उभं करायचं, आणि आपण त्याच्या पाठीमागून माझ्यात बघायचं. ते म्हणत, "समोरून बघितलं की माणूस पोट आत घेतो. आरशातून बघितलं की विसरतो." मग त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे.

"कुठे टोचतंय?"

गिऱ्हाईक भिडेने म्हणे, "नाही हो, छान झालाय."

"छान नंतर. आधी टोचतंय कुठे ते सांगा."

मग हळूहळू खरं बाहेर येई. काखेत ओढतंय, मानेशी काचतंय. तिथे खडूची खूण व्हायची, टाके उसवायचे, पुन्हा घालायचे. माणूस दुकानातून बाहेर पडताना वळून माझ्याकडे बघायचा आणि हसायचा. मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते.

वस्ताद थकले तेव्हा दुकान त्यांच्या शागिर्दाकडे आलं. त्यांना सगळे मास्तर म्हणतात. मास्तरांची नजर वस्तादांहूनही बारीक. चालत आलेल्या माणसाचा कुठला खांदा पाव इंचाने खाली आहे, हे ते दारातच ओळखत. त्यांची बायको खिडकीजवळ बसून काजं आणि तुरपाई करी. आणि शाळा सुटली की त्यांची सात वर्षांची मुलगी दुकानात येई. तिचे डोळे कोटाच्या गुंडीसारखे गोल आणि काळेभोर, म्हणून मास्तर तिला गुंडीच म्हणत.

मग समोर तयार कपड्यांचं मोठं दुकान उघडलं. तिथले आरसे माझ्यापेक्षा लखलखीत. तिथे कोणी विचारत नाही कुठे टोचतंय म्हणून, आणि लोकांनाही घाई असते. आमची गिऱ्हाइकं कमी झाली. मास्तर दुपारी रिकाम्या मशीनवर नुसतं पायडल मारत बसू लागले.

अशाच एका आठवड्यात कोपऱ्यावरच्या सभागृहात यशाचं शिबिर भरलं. तीन दिवसांचं. शेजारच्या दुकानदाराने आग्रह केला म्हणून मास्तर गेले, आणि तिसऱ्या दिवशी परत आले ते छाती पुढे काढून.

"अगं, माझ्यासाठी चारशे माणसांनी टाळ्या वाजवल्या!"

"का हो? काय केलंत?"

"उभं राहून नाव सांगितलं."

बायकोला हसू फुटलं. पण नवऱ्याचा चेहरा बघून तिने ते दातांखाली दाबलं. मीही तो चेहरा पाहिला. आयुष्यभर दुसऱ्यांना नीट दिसायला मदत करणाऱ्या त्या माणसासाठी त्याआधी कोणी टाळी वाजवली नव्हती. म्हणून मला मास्तरांवर कधीच रागावता आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मास्तर रोज सकाळी माझ्यासमोर उभे राहू लागले. मूठ वळून म्हणायचे, "मी करू शकतो! मी करू शकतो!" आणि एक पिवळी चिठ्ठी माझ्यावर चिकटवायचे. घरात आणि दुकानात 'नाही' हा शब्द बंद झाला. जो कोणी नाही म्हणेल, जमत नाही म्हणेल, त्याने शिक्षा म्हणून 'मी करू शकतो' अशी एक चिठ्ठी लिहायची आणि माझ्यावर लावायची.

"अहो, घरात साखर नाही," बायको म्हणाली.

"असं म्हणायचं नसतं."

"मग काय म्हणू? साखर यशाच्या वाटेवर आहे?"

गुंडी खदखदून हसली. आईने चिठ्ठी लिहिली.

दोन महिन्यांत मी चिठ्ठ्यांनी भरून गेलो. एक गिऱ्हाईक माझ्यासमोर वाकून, मग उकिडवं बसून म्हणालं, "मास्तर, केस दिसतायत, गुडघे दिसतायत. मधला मी गेलो कुठे?" मास्तर म्हणाले, "मनाच्या डोळ्यांनी बघा." त्यांनी कुठे टोचतंय हेही विचारणं सोडलं होतं. तो प्रश्न नकारात्मक आहे, असं शिबिरात ठरलं होतं. आता ते ट्रायलला एकच शब्द म्हणत, "झकास!"

एकदा शिबिराचे सर स्वतः कोट शिवायला आले. लोक त्यांना यशवाले सर म्हणत. मास्तरांना स्वर्ग दोन बोटं उरला. कोटाची ट्रायल झाली. सरांचा डावा खांदा चांगला अर्धा इंच खाली होता आणि कोटाला पाठीवर तिरकी चुणी पडत होती. मास्तरांना ती दिसली. त्यांचा हात खडूकडे गेलासुद्धा. मग तो हात परत फिरला. "झकास, सर!"

मास्तर पट्टी शोधायला आत वळले, तेव्हा सर एका फटीतून माझ्यात बघत उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गळून पडलं, दिवसभर ताणलेला दोरा सैल सोडावा तसं. पुटपुटत होते, "मी करू शकतो, मी करू शकतो." मास्तर आले आणि हसू परत जागेवर गेलं. मला वाटलं, या माणसाला कोणी विचारत असेल का, कुठे टोचतंय?

आता मी गुंडीबद्दल सांगतो. ते सांगताना मला अजून धस्स होतं.

गुंडी माझ्याजवळ येऊन वेणी बघायची. आधी हातभर लांबून बघायची. मग वीतभर. मग तिच्या श्वासाने माझ्यावर वाफ धरू लागली. मान एका बाजूला कलती करून, उजवा डोळा पुढे आणून ती बघायची. शाळेच्या वहीत तिच्या चुका वाढल्या. एकदा ती म्हणाली, "बाबा, फळ्यावरचं मला नीट—" आणि थांबली. मास्तरांनी भुवया उंचावल्या होत्या. तिने मुकाट्याने जाऊन चिठ्ठी लिहिली. 'मी करू शकते.' अशा तिच्या कितीतरी चिठ्ठ्या माझ्यावर होत्या. मास्तर कौतुकाने बायकोला दाखवायचे, "बघ, पहिली चिठ्ठी केवढ्या बारीक अक्षरात होती, आणि आताची! अक्षरात आत्मविश्वास उतरलाय पोरीच्या."

कोटाचा पाव इंच ओळखणारा माणूस, मित्रांनो! मुलीची कलती मान त्याला रोज माझ्यासमोर दिसत होती. पण त्याला शिबिरात सांगितलं होतं, उणं शोधू नकोस.

आईचं मात्र त्या चिठ्ठ्यांनी समाधान होईना. ती तुरपाई करता करता सुई थांबवायची आणि मुलीकडे बघत राहायची. एका दुपारी ती उठली. तिने गुंडीच्या चिठ्ठ्या एकेक करून काढल्या आणि कापायच्या टेबलावर ओळीने मांडल्या. पहिली, दुसरी, दहावी. अक्षरं मोठी होत गेली होती, ओळी उताराला लागल्या होत्या, आणि शेवटच्या चिठ्ठीत तर दोनच शब्द मावले होते.

"अहो, हा आत्मविश्वास नाहीये," ती म्हणाली.

"नाहीये म्हणू नकोस."

"म्हणणार. गुंडे, इकडे ये बाळा."

चिठ्ठ्या काढल्यामुळे माझा मधला भाग मोकळा झाला होता. आईने लेकीला माझ्यासमोर तीन पावलांवर उभं केलं. स्वतः तिच्या मागे उभी राहिली, अगदी वस्तादांच्या रीतीने, आणि कोटाची एक मोठी गुंडी उंच धरली.

"आरशात बघून सांग. किती भोकं? दोन की चार?"

गुंडीने मान कलती केली, डोळे बारीक केले. "चार."

"बरोबर. आता खेळूया हं." आईने तिचा उजवा डोळा तळहाताने हळूच झाकला आणि दुसरी गुंडी धरली. "आता?"

गुंडी एक पाऊल पुढे आली. आईने तिला खांद्याने धरून ठेवलं. "किती, बाळा?"

गुंडीचे ओठ वाकडे झाले. आणि ती मूठ वळून म्हणाली, "मी करू शकते. मी करू शकते. मी करू शकते."

मास्तरांच्या हातातली कात्री टेबलावर पडली. ते तिच्यासमोर गुडघ्यावर बसले.

"गुंडे, दिसतंय का नाही, एवढंच सांग."

"पण बाबा," ती हुंदके देत म्हणाली, "नाही म्हणायचं नाही ना?"

मास्तरांनी तिला पोटाशी धरलं आणि माझ्याकडे बघितलं. समोर त्यांचा चेहरा होता, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा पूर्ण.

दुसऱ्याच दिवशी दुकान बंद ठेवून तिघं डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. दोन्ही डोळ्यांना जाड चष्मा लागला. डावा डोळा तर काम करायचंच विसरत चालला होता. त्याला पुन्हा कामाला लावायचं, तर उजव्या डोळ्यावर रोज काही तास झाकण हवं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, आणखी दोन-तीन वर्षं गेली असती तर हा डोळा परत आणणं फार अवघड झालं असतं. आईने हे वाक्य दुकानात दोनदा सांगितलं.

मास्तरांनी ओलं फडकं घेतलं आणि माझ्यावरच्या सगळ्या चिठ्ठ्या काढल्या. डिंकाचे डाग नखाने खरवडले. एकच चिठ्ठी त्यांनी जपून गल्ल्यात ठेवली, गुंडीची शेवटची.

काही दिवसांनी यशवाले सर दुसऱ्या कोटासाठी आले. मास्तर त्यांच्या मागे उभे राहिले आणि घसा खाकरून म्हणाले, "सर, तुमचा डावा खांदा पडतो. मागच्या कोटात मी सांगितलं नाही, चूक झाली. तोही घेऊन या. आत थोडी भरती घालतो."

सरांनी माझ्यात बघत तो खांदा हाताने चाचपला.

"लहानपणापासून आहे तसा," ते म्हणाले. "कोणी कधी बोललं नाही." मग हळूच, "काखेतही जरा टोचतंय."

मास्तरांनी खडू घेतला.

आणि गुंडीच्या डोळ्यावरचं झाकण? ते मास्तरांनी स्वतः शिवलं. निळ्या मऊ कापडाचं, चष्म्याच्या काचेवर सरकवता येईल असं. त्यांनी आजवर शिवलेली सगळ्यात छोटी वस्तू ती. ट्रायल अर्थातच माझ्यासमोर झाली. गुंडी उभी राहिली, मास्तर तिच्या मागे.

"कुठे टोचतंय?"

"छान आहे, बाबा."

"छान नंतर."

गुंडीने एकदा आईकडे बघितलं, मग माझ्यात. "नाकापाशी टोचतंय. आणि मला हे आवडत नाही. सगळे हसतील. आणि मला काहीच नीट दिसत नाही."

दोनदा नाही! आईने सुई खाली ठेवली. मास्तर मोठ्याने, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "हां! आता कळलं कुठे उसवायचं ते." त्यांनी नाकापाशी खडूची बारीक खूण केली आणि मशीनवर बसले. "हसतील त्याचं काय करायचं, ते टाके घालताना बोलू. ये, बस माझ्याजवळ."

मित्रांनो, तुमच्या घरी आरसा असेल तर त्याला अधूनमधून ओल्या कागदाने पुसा, आणि त्याच्यावर काही चिकटवू नका. आम्हाला टाळ्या वाजवता येत नाहीत, पण आमच्यासमोर उभं राहून तुम्ही नाही म्हणालात तर आम्हाला कधीच राग येत नाही. तुम्हाला कुठे टोचत असेल, तर ते मोठ्याने सांगा. आणि तुमच्या घरातल्या मोठ्यांना कोणी विचारत नसेल, तर एखाद्या दिवशी तुम्हीच त्यांच्या मागे उभे राहा आणि विचारा.

गुंडी आता रोज माझ्यासमोर उभी राहून डाव्या डोळ्याने कोटाच्या गुंडीची भोकं मोजते. काल ती दोन पावलांवर होती.

आज अडीच.