गार की गरम

किमबोकनं बॉनेटखाली वाकून पाइपावर बोटं ठेवली आणि डोळे मिटले. इंजिन चालू होतं. पिवळ्या टॅक्सीला टेकून उभा असलेला ल्याओ श्वास रोखून बघत होता, जणू देवळात कौल लावलाय आणि देव आता बोलणारच आहे.

"काय म्हणतोय पाइप?"

"तू तोंड मिटलंस तर ऐकू येईल."

ल्याओनं तोंड मिटलं, पण ते त्याच्या स्वभावात नव्हतं. लगेच पुन्हा सुरू झाला. "शहरातल्या गॅरेजवाल्यानं दोनदा गॅस भरला, मिस्त्री. दोन दिवस बरं, मग पुन्हा भट्टी. आता म्हणतो कंप्रेसर बदल. मी म्हटलं, आधी किमबोकचा हात लागू दे, मग बघू."

किमबोकनं बोटं आणखी दाबून धरली. पाइप गार आहे की गरम, हे त्याला कळत नव्हतं.

तैवानातल्या तैनान शहराबाहेरच्या त्या रस्त्यावर चाळीस वर्षं त्याचं दुकान होतं आणि काम एकच, गाड्यांचे एसी. इतर लोक तापमानाचे मीटर लावून आकडे बघत, किमबोक पाइपावर हात फिरवी आणि दोष कुठे आहे ते सांगे. मुलीनं तैपेईहून पाइपाला चिमट्यानं लावायचा थर्मामीटर पाठवला होता. तो खोक्यासकट खणात पडून होता. ज्याला गार-गरम सांगायला काटा लागतो त्यानं दुकानाची पाटी उतरवावी, असं तो चारचौघांत म्हणून बसला होता. बोललेले शब्द गिळायची सवय त्याला नव्हती.

आणि मग रक्तातल्या साखरेनं त्याची बोटं खाल्ली. हळूहळू, शेंड्यांपासून. आता जाड हातमोजा चढवल्यासारखं वाटे, आणि तो काढता येत नसे.

आतून त्याची बायको आ-हून आली. फडक्यानं हात पुसत गाडीपाशी थांबली, ल्याओला आईची तब्येत विचारली आणि बोलता बोलता सहज टेकल्यासारखा हात जाड पाइपावर ठेवला. मग आत गेली आणि दोन कप घेऊन आली. किमबोकनं घोट घेतला. गरम ऊलोंग चहा.

दोन वर्षं हे असंच चाललं होतं. पाइप गार असला की कोहळ्याचा थंडगार चहा येई, नाहीतर वाफाळता ऊलोंग. जीभ अजून शाबूत होती. किमबोक घोट घेई, मान हलवी आणि गिऱ्हाइकाला निदान सांगे. या गोष्टीबद्दल नवराबायकोत एक शब्द कधी झाला नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ही मूठ दोघांनी मिळून झाकली होती. गिऱ्हाइकं तेवढी म्हणत, पस्तीस डिग्रीत गरम चहा देणारी ही बाई वेगळीच आहे.

पण आज चहानं भागणार नव्हतं. पाइप गार नाही, हे तर ल्याओलाही ठाऊक होतं. दाबाच्या मीटरचा निळा काटा शून्याशी झोपला होता. म्हणजे गॅस कुठेतरी अडत होता, आणि अडायच्या जागा दोन. एक, समोर जाळीपाशी असलेला, गॅस गाळणारा ड्रायरचा डबा, तास-दीड तासाचं काम. दुसरी, डॅशबोर्डच्या आतला व्हॉल्व्ह. त्यासाठी अख्खा डॅशबोर्ड उतरवायचा, म्हणजे संध्याकाळ. कुठली ते काटा सांगत नाही. बारीक पाइपावरून बोट फिरवत जायचं. जिथं कोमटाचं एकदम गार होतं, तिथं अडथळा. फरक थोडासाच असतो. पाइपावर दव धरून डोळ्यांना दिसावा इतकाही नव्हता.

"दोन वाजता दवाखान्यातून सोडतायत आईला," ल्याओ म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "महिन्यामागं याच गाडीत आडवी झाली ना. एसी बंद, पुढं रस्त्यात कुणाचा तरी अपघात, तासभर अडकलो. मी पुढं बसून हॉर्न वाजवतोय आणि ती मागं गप्प. मला वाटलं झोपली."

"दुसऱ्या टॅक्सीनं आण की आज."

"मुलगा टॅक्सीवाला, आणि म्हातारीनं परक्याच्या गाडीतून घरी यायचं?" ल्याओनं मान हलवली. "काल विचारत होती, तूच येणार ना म्हणून."

घड्याळात सव्वादहा झाले होते. किमबोक पुन्हा वाकला. जाळीपासून बोटं टेकवत मागे आला. काही नाही. पुन्हा पुढून मागे. तिसऱ्यांदा फिरवताना त्याच्या कपाळावरचा घाम पाइपावर ठिबकला. ल्याओ बघत होता, आणि कौल लावणारा माणूस बघतो तसा भाबडेपणानं बघत होता, हेच जास्त जड जात होतं. किमबोक सरळ झाला. अंदाजानं एक नाव घ्यायचं, लागलं तर लागलं. त्यानं ओठ उघडले.

आ-हूननं ते ओठ चाळीस वर्षं बघितले होते. खोटं बोलायच्या आधी ते जरा उजवीकडे जात.

"अहो," ती मोठ्यानं म्हणाली, "दोन वर्षं झाली, शिकवतो शिकवतो म्हणताय. मी काय भांडी घासतच मरायचं? दाखवा बघू आज, कसं ओळखायचं ते."

"वहिनी, शिकवणी आजच?" ल्याओ कळवळला. "माझ्या आईच्या जिवावर?"

किमबोक तिच्याकडे बघत राहिला. ती त्याला पळवाट देत होती, तीही स्वतःकडे कमीपणा घेऊन. त्यानं हात पुढं केला, तिचा हात मनगटाशी धरला आणि पाइपावर टेकवला. लग्नाच्या फोटोनंतर चारचौघांत त्यानं तिचा हात धरलेला कुणी पाहिला नव्हता. तो तिचा हात सावकाश पुढे नेऊ लागला. जाळी. वळण. डब्याचं तोंड. डबा ओलांडला, आणि तिची बोटं थांबली. तिनं मागं जाऊन पुन्हा बघितलं.

"हं," किमबोक म्हणाला.

"तुम्हीच सांगा. मी आजच शिकतेय."

सांगायचं फक्त बाकी होतं. ड्रायर, एवढा शब्द उच्चारला असता तर पाटीही राहिली असती आणि नावही. किमबोकनं तिचा हात सोडला नाही.

"शिकवत नाहीये मी," तो ल्याओला म्हणाला. "मला कळत नाही. बोटं गेली माझी, दोन वर्षं झाली. तुझ्या गाडीचं मागच्या उन्हाळ्यातलं निदानही हिचंच. आ-हून, सांग त्याला."

आ-हूनच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिनं फडक्यानं पुसलं आणि वर फडक्याला ऑइलचा वास येतो म्हणून कुरकुरली.

"ड्रायर," ती म्हणाली. "डब्याच्या अलीकडं गरम आहे, पलीकडं गार. लागा कामाला."

ल्याओनं हातातल्या गरम कपाकडे पाहिलं. मग दोघांकडे. काहीतरी बोलणार होता, पण आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं ते गिळलं आणि घोट घेतला.

काम मात्र किमबोकचंच होतं. त्याला पाने फिरवायला बोटांची नाही, मनगटाची गरज होती. उरलेला गॅस काढून घेतला, जुना डबा उतरवला, उलटा केला तर काळा चुरा हातावर सांडला. नवा बसवून हवा ओढणारा पंप लावला. मशीननं शहाण्यासारखं वागावं म्हणून, तैवानी रिवाजाप्रमाणे, पंपावर हिरव्या पुडीतला खाऊ ठेवलेला असे. आ-हूननं पुडीची तारीख बघितली आणि नवी आणून ठेवली. शिळ्या खाऊवर कुठलं मशीन काम करतं?

बाराला गॅस भरून झाला. किमबोक ड्रायव्हरच्या सीटवर बसला आणि गाल एसीच्या जाळीपाशी नेला. गालाला कळलं. तो बराच वेळ तसाच बसून राहिला.

"मिस्त्री, माझी आई बसायची आहे त्यात," ल्याओ बाहेरून ओरडला. "सर्दी होईल तिला. बंद करा!"

तो गेला तेव्हा मागच्या सीटवर दोन उशा आणि एक पातळ चादर दिसत होती.

आ-हून कप उचलत होती.

"मघाशी हात धरलात," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "कळत होतं काही?"

किमबोकनं खोटं सांगायचा विचार केला. ओठ जरासे उजवीकडे गेलेही.

"नाही," तो म्हणाला. "पण तुझा हात दिसत होता."

आ-हून हसली. तेवढ्यात एक पांढरी गाडी आत वळली. काचा पूर्ण खाली, चालवणारी बाई वहीनं वारा घेत होती. किमबोकनं बॉनेट उघडलं. आ-हून सवयीनं स्वयंपाकघराकडे निघाली.

"चहा नंतर," त्यानं हाक मारली. "आधी हात दे."